बाकावरच्या तीन ॲक्शन

ड्वाइट इंगेब्रेट्सनने तीन पेट्या बाकावर ठेवल्या
आणि टोपी न काढताच विचारलं,
"व्हर्ना, यातली कुठली शंभर वर्षं टिकेल?"
शंभर वर्षं.
त्याचं धान्याचं कोठार बाराव्या वर्षी वाकलं.

बाहेर वारा होता. मोंटानात वारा म्हणजे पाहुणा नव्हे,
घरातलाच माणूस:
दार लोटून येतो, बूट न पुसता.

पहिली ॲक्शन नवी, एकाच कांबीतून तारेने कापलेली,
बोल्टवर काळा, काचेसारखा कडक थर.
नळी आढ्याकडे उचलली
की बोल्ट आपल्या वजनानेच मागे येतो.
आवाज नाही. तेलाचा एक उसासा फक्त.
लोक म्हणतात, लोण्यासारखी.
मी म्हणत नाही. लोणी खवट होतं.

दुसरी टायटॅनियमची.
उचलताना मनगट फसलं,
जिना संपलेला असताना
अंधारात आणखी एक पायरी उतरावी तसं.
ओढली तर जराशी खरखर.
हा धातू स्वतःलाच चावतो, सख्ख्या भावांसारखा;
घासता घासता चिकटतो,
सोडवायला जावं तर सालपट निघतं.

तिसरी ओरिन टाकेटने कानशीने घडवलेली.
ओरिन गेला त्याला एकोणीस वर्षं झाली.
बोल्ट पूर्ण मागे घेतला की डुलतो,
सहा वर्षांच्या पोराच्या पुढच्या दातासारखा.
पण लगांच्या पाठी बघा:
बारीक भुकटी लावून हजारदा उघडमीट केलेली,
दोन्हीकडे सारखीच राखाडी झळाळी.
ओरिनला घाई ठाऊक नव्हती.
बिलंही तो वर्षावर्षाने पाठवायचा.

तिन्ही मी अंगणातल्या धुळीत लोळवल्या,
पाणी शिंपडलं,
आणि एल्कचं मांस नि रुबार्बचे डबे यांच्यामध्ये
रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्या.

सकाळी पहिलीची मूठ हलेना.
काल झुळूक होती, आज भिंत.
इतकी नेमकी घडवलेली
की धुळीच्या कणाला बसायला जागा नाही,
तो आपला वाटेतच उभा.
दुसरी किंचाळत उघडली, लगावर ताजा ओरखडा.
तिसरी कुरकुरली, कण्हली,
म्हाताऱ्याने खाटेवरून उठावं तशी उठली
आणि उघडली.

"ठरलं मग," ड्वाइट पाकिटाकडे हात नेत म्हणाला.
"थांब जरा."
पहिली मी पुसली, वाळवली, तेलाचा एक थेंब दिला.
दहा मिनिटांत ती पुन्हा झुळूक.
"रात्री मी पोलाद नाही तपासलं," मी म्हणाले,
"आळस तपासला.
ही पुसणाऱ्याच्या हातात नातवंडांना पुरेल.
ओरिनचं पोलाद मऊ आहे, दर मोसमात
लगांची बैठक केसभर मागे सरकते.
दिसत नाही. काडतुसाच्या बुडाशी कळतं."
"आणि मधली?"
"मधली डोंगर चढणाऱ्यांसाठी. तू ट्रकमधून उतरत नाहीस."

तेवढ्यात त्याची मुलगी आली, सॉलवेग,
शाळेच्या बसमधून, केसांत भुरभुर बर्फ.
चौदा वर्षांची. रायफल तिच्याचसाठी.
मी म्हणाले, डोळे मिट आणि ओढून बघ.

तिने पहिली उचलली
आणि उजवीकडची मूठ धरायला
डावा हात वरून पलीकडे नेला,
कुंपणावरून वाकून शेजारच्याचं फळ तोडावं तसा.
दुसरी तशीच. तिसरीही.
तक्रार नाही. जन्मभर असंच करत आल्यासारखी.

"ड्वाइट," मी म्हणाले, "ही डावखुरी आहे."

त्याने तेव्हा टोपी काढली.
फ्रीजरची घरघर ऐकू येत होती.
"चौदा वर्षं," तो म्हणाला,
"जेवताना आमची कोपरं एकमेकांना लागतात.
मला वाटायचं, टेबल लहान आहे."