लाट फौंड्री

बैल इकला. आता मोटारसायकलवर येतो.
पण चोपडी तीच, लाल फडक्यातली,
आणि येळ तीच: सुगी सरली, मळणी उरकली
की रायबागेकडनं कोल्हापुरात.
मी सिद्धाप्पा हेळवी.
तुमच्या आज्याचा पणजा तुम्हाला ठावं न्हाई,
मला हाय.

उद्यमनगरात, तिसऱ्या बोळात,
भट्टीच्या धगीत उभं राहून वाचायचं एक पान हाय.
म्या वाचाय लागलो की मोल्डर हसतात:
"मूळ पुरुष तिरणसाहेब. गाव समिंदराच्या पल्याड.
कुळी ठावं न्हाई. देवक ठावं न्हाई.
पागेवर घोडी शिकवाय आला, प्लेगाच्या साली गेला.
त्याच्यापासनं आनसाबाईच्या पोटी केरबा.
केरबाचा हिंदुराव, हिंदुरावाचा जयसिंग."
आज्ज्याचं अक्षर, बोरूचं.
शाई आता चहाच्या रंगाची.

केरबाचं डोळं घारं.
साळंत मास्तर म्हणायचा, "आलं बगा लाटसायबाचं पोर."
शिवी होती ती.
वापरून वापरून गुळगुळीत झाली,
मग तिला हाकेला ओ देता याय लागली,
मग पेंटर बोलवून पत्र्यावर रंगवली.

औंदा भट्टीम्होरं, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर
एक गोरी म्हातारी, मांडीवर टोपी, टोपीत चष्मा.
आयर्लंडची. लोकांच्या वंशावळी जुळवती म्हणं.
म्हंजे हेळवीणच की!
तिच्याकडं गुंडाळी, गुंडाळीवर ढाल, ढालीत बगळा.
नॉकशीनचे लॉर्ड, अकरा पिढ्या.
जयसिंगरावांची लेक प्रणोती मधी बसून सांगत हुती:
थोरला लढाईत पडला. मधला बिनवारशी.
धाकटा टेरेन्स,
हिंदुस्थानात मयत, संतान नाही.
तितनं खाली कागद कोरा. किताब बुडाला.

"संतान नाही"वर म्या बोट ठेवलं.
हे कुणी लिवलं? कुणाला इचारून?

म्हातारीनं कायदा सांगितला.
औरस पायजे. पुरुष पायजे. लग्नाचा दाखला पायजे.
दाखला न्हाई तर काय वस्तू, काय खूण?
एक पितळी बटण हुतं, बगळ्याचं.
आनसाबाईनं जन्मभर पदराच्या गाठीत ठेवलेलं.
केरबानं पैली भट्टी पेटवली तवा पितळ कमी पडलं.
पैल्या पंपाच्या पंख्यात बगळा गेला,
आणि तो पंप शिरोळकडं
कुणाच्या मळ्यात, कुठल्या हिरीत, कोण सांगणार.

म्हातारी लई येळ गप हुती.
चहावर साय धरली.
तेवढ्यात आतनं हाक: "लाटबाई! रस तयार हाय!"
प्रणोती उठली, ओढणी कमरंला खोचली,
दोघा गड्यांच्या म्होरं जाऊन भट्टीच्या तोंडाशी उभी ऱ्हायली.
काय म्हणाले ते, अशी म्हातारीची मान वळली.
मला इंग्रजी येत न्हाई.
म्या तिची गुंडाळी दावली,
मग पोरीची पाठ दावली.

सांजच्याला तिनं नावं सांगितली, उलटी,
बापाचा बाप, त्याचा बाप,
जिन्यानं वर चढल्यागत.
प्रणोतीनं एकेक फोडून सांगितलं, म्या उतरून घेतलं.
पॅट्रिकचा पातरक झाला असंल, कुठं काना चुकला असंल.
आज्जा म्हणायचा, नाव चुकलं तर चालंल,
बाप चुकू ने.

तिनं आपल्या कागदावर काय लिवलं का, दिसलं न्हाई.
पेन्सिल काढली हुती, तेवढं बघितलं.

नेमाचं मिळालं: पायलीभर जोंधळं, एक लुगडं,
वर पाचशेची नोट, पेट्रोलला म्हणून.
पण हक्क त्या घरावरबी हाय आमचा.
रातच्याला धर्मशाळेत दिव्याखाली पान उघडलं,
मूळ पुरुषाच्या वर अकरा नावं,
आणि कडंला:
नॉकशीनकडनं येणं, सव्वाशे सुग्यांचं जोंधळं.
शाईनं लिवलंय.