उचकी

हमदुले बाईंचा फोन, "तोडणकर, पान पुन्हा उचक्या देतंय."
मी म्हटलं, रिस्टार्ट करा.
"केलं."
मग पुन्हा करा.
त्यांनी फोन ठेवला नाही, नुसता टेबलावर पालथा घातला.
त्यांच्या एसीची घरघर मला ऐकू येत राहिली.

सोहार बंदराच्या मागचं आमचं ऑफिस.
बाहेर सेहेचाळीस अंश, आत सतरा,
मधल्या काचेला बाहेरून घाम.
मी गेलो. चाक फिरवलं.
यादी दोन बोटं सरकली, थांबली,
मग एकदम हातभर खाली गेली,
शेवाळलेल्या पायरीवर पाय पडावा तशी.
हवी ती ओळ वर कुठेतरी राहिली.

माउस उलटा केला. चाकाच्या खाचेत वाळू,
मैद्यासारखी बारीक. टूथपिकने काढली, फुंकर मारली.
"इथे वाळू कुठे नाही ते सांग," बाई म्हणाल्या.
उचकी तशीच.

एक्स्टेंशनं बंद केली. कूपन शोधणारं,
व्याकरण तपासणारं, आणि एक
जे कशासाठी आहे ते बाईंनाही ठाऊक नव्हतं.
उघडे एकोणचाळीस टॅब मिटत आलो.
त्यातले तीन हर्णैच्या मासळीच्या भावाचे.
"ते राहू दे."
कॅशे पुसली. हार्डवेअर ॲक्सिलरेशन
बंद केलं, सुरू केलं, बंद केलं.
स्मूथ स्क्रोलिंगची खूण काढली. नवा ड्रायव्हर
उतरेपर्यंत आम्ही करक चहा प्यायलो.
उचकी तशीच.

"कुणीतरी आठवण काढत असणार," बाई म्हणाल्या.
कोणाची?
"यादीची. मला काय माहीत? उचकी आणखी कशानं लागते?"
आता पाणी पाजायला सांगतील, म्हणून मी गप्प.

मग सापडलं.
यादीत एक हजार नऊशे बारा माणसं,
प्रत्येकाच्या नावापुढे नखाएवढा फोटो.
फोटो नखाएवढा नव्हताच.
होता भिंतीएवढा, पाच-पाच एमबीचा,
नखाएवढ्या खिडकीतून बघत उभा.
चाक फिरलं की एकेकजण पूर्ण उंचीनं यायचा,
दारात वाकायचा, आत येऊन बसायचा.
तेवढा वेळ यंत्र थांबायचं.

वेल्डर, स्कॅफोल्डर, वेल्डर, स्वयंपाकी,
सगळ्यांच्या अंगात एकच निळा कोट,
मेडिकलशेजारच्या स्टुडिओतला,
उंचाला आखूड, बुटक्याच्या खांद्यावरून ओघळलेला.
सहाशे चौदाव्याचे डोळे मिटलेले.
"असाच आहे तो. पगाराच्या दिवशीसुद्धा झोपेत.
पण सही बघ कशी वळणदार."

चित्रं बंद केली.
एका टिचकीत एक हजार नऊशे बारा करडे चौकोन,
आणि पान धावलं,
ओल्या पाटीवरून बांगडा सुटावा तसं.
बाईंनी वरून खाली नेलं, खालून वर आणलं.
"झकास," म्हणाल्या.
मी तिकीट बंद केलं. कारण: फोटो. उपाय: फोटो नाहीत.

चारला पुन्हा फोन.
"तोडणकर, झोपाळू कोणता ते कळेना रे.
त्याच्या नावाचे तिघे आहेत. ओव्हरटाइम कोणाला घालू?"
फोटो लहान करून देतो म्हटलं, दोन दिवस लागतील.
"तोपर्यंत?"
तोपर्यंत काय. परत चालू केली.
कोट आले, एकेक, वाकून.

निघता निघता चाक माझ्यापर्यंत नेलं,
एक हजार तीनशे सात, त्याच कोटात.
तिथे पान अडकलं. चांगलं अडकलं,
चहाचा एक घोट होईल इतकं.
घड्याळ पाहिलं. सोहारात सव्वाचार, गुहागरात पावणेसहा.
या वेळी तिकडे कोणी रिकामं नसतं.
तरी चाकावरचं बोट काढून उभा राहिलो,
ते आपणहून सुटेपर्यंत.