अर्ध्यावरचा काटा

तीन वर्षं पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता.
टाकी भरा, कोरडी करा, तो आपला अर्ध्यावर,
पंगतीत हट्टानं बसलेल्या पाहुण्यासारखा:
जेवत नाही, उठत नाही.
दोनदा मी हैदराबाद रोडनं बाटली घेऊन चालत गेलो.
मग यंदा एप्रिलात इंजिनच्या तापमानाचा काटाही
त्याच्या शेजारी तसाच बसला.

"दोन्ही एकदम खोटं बोलायला लागले
तर दोष काट्यांचा नसतो," मेहबूबभाई तांबोळी फोनवर म्हणाले,
"दोघांची वीज एकाच वाटेनं येते. ती वाट बघ.
नाहीतर आख्खा मीटर बदल, साडेतीन हजार."

म्हणून रविवारी दुपारी, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून,
विडी घरकुलात, दारापुढच्या पत्र्याखाली
मी टॉवेल अंथरला, कारखान्यातला सेकंड,
ज्याला एका बाजूनं काठच नव्हता.
अकरा स्क्रू निघाले. ठेवले अंबव्वा आत्याच्या सुपात.
"तंबाखू उचल आधी," ती म्हणाली,
"मग काय करालास ते कर."

स्पीडची केबल निघेना.
मनगटापर्यंत हात आत, मान वाकडी, घाम डोळ्यात,
आणि खट्.
सव्वीस वर्षं ज्याच्या तोंडाकडं बघत गाडी चालवली
त्याची पाठ पहिल्यांदा दिसली:
पिवळसर प्लास्टिकचा पापुद्रा, त्यात तांब्याच्या वाटा,
एका वळणावर केसाएवढी चीर.
मल्टीमीटरची टोकं दोन्हीकडं लावली.
गप्प.

सोल्डरिंग गन टेकवली तर पापुद्राच आकसला.
वास आत्यापर्यंत गेला.
"आगु रा!
पान करपवलास की."

तिनं एका डोळ्याचा चष्मा पुसला,
दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय.
वायरीतली एकच तार नखानं सोडवली,
पानं कापायच्या कात्रीच्या टोकानं चिरेची दोन्ही तोंडं खरवडली,
तार आडवी निजवली आणि दाबून धरली.
पंचेचाळीस वर्षं रोज हजार विड्यांची तोंडं दुमडलेलं बोट
अजिबात हललं नाही.
"एक म्हण. उचल."
एक म्हणालो. उचललं.
मल्टीमीटर टीईई करून ओरडला
आणि शेजारच्या कोंडय्याचं कुत्रं उठून बसलं.

मीटर उघडाच होता.
आकड्यांची चाकं बोटाला लागत होती:
एक, आठ, सहा, चार, एक, आणि तिनाकडं कललेला दोन.
सात रस्त्यावरचा एजंट म्हणाला होता,
विकायचीच आहे ना? उघडतोयस तर लाख मागं फिरव.
पंचवीस हजार वर सुटतील.
मी स्क्रूड्रायव्हरचं टोक पहिल्या चाकावर टेकवलं.

"ते काय?"
"चाललेले किलोमीटर."
आत्या जरा वेळ बोलली नाही.
"हजारात शंभर विड्या छाट म्हणून काढायचा आमचा चेकर.
पैसे नऊशेचे द्यायचा.
त्या शंभर पण विकायचा."
एवढंच. मग सुपातले स्क्रू मोजायला लागली,
तेलुगूत, दोनदा.

बसवताना दहाच बसले.
अकरावा कुठला ते अजून कळलेलं नाही,
तो शेंगाचटणीच्या झाकणात आहे.

अंधार पडल्यावर चावी फिरवली.
काटा थरथरला, अर्ध्यावरून सुटला,
आणि खाली, खाली, लाल पट्टीच्याही खाली जाऊन टेकला.
तीन वर्षांनी तोंड उघडलं
आणि पहिलंच वाक्य: काही नाही.

"खराब झाला काय रे?"
"नाही आत्या. बरा झाला."

ती पुढच्या सीटवर बसली, मांडीवर रिकामी बाटली.
पंपापर्यंत तिनं त्याच्यावरची नजर काढली नाही.
डावीकडं वळलो तेव्हा उजवा बाण लागला.
ते पुढच्या रविवारी.