बोट

शुक्रवारी पाचपर्यंत मी दातांच्या दवाखान्यात बसते.
पावत्या फाडते, घाबरलेल्यांना पाणी देते.
मिस्टर पास्को, तुमची दाढ मंगळवारी, सव्वादहाला.
साडेपाचला जिन्याखालची ट्रंक उघडते
आणि डांबराचा वास आधी बाहेर येतो,
मग मी.

डगला तीन वर्षांचा. दिसतो तीनशेचा.
चहात बुडवला, राखेत लोळवला,
एक हिवाळाभर मागच्या कुंपणावर टांगला,
कॉर्नवॉलचा पाऊस त्याला काय ते शिकवील म्हणून.
शेजारीण रोज सकाळी दचकायची.
काजं हातानं केलीत, सत्तावीस.
मशीनची शिवण लव्हडेला दहा पावलांवरून दिसते
आणि लव्हडे दिसलेलं सोडत नाही.
झिप म्हणजे पाप. नायलॉन, महापाप.
डोळ्यावर काळी पट्टी? पुरावा दाखव, म्हणते.
पोपट? पुरावा.
जॅगोनं तरी पोपट आणलाच, लोकरीचा,
सासूनं विणलेला, खांद्याला टाचणीनं.
गेलं वर्षभर लव्हडेनं त्याच्याकडे पाहिलेलं नाही.
पोपटाकडे. जॅगोशी बोलते.

आमच्यात सोंगाचीही कुंडली मांडावी लागते.
मी मांडली: तमसिन रोस्कारॉक, वय एकेचाळीस,
फोईतल्या पिंपं बांधणाऱ्याची विधवा
(नवरा घरी मॅच बघत होता,
मारताना फार जड गेलं नाही),
चाच्यांच्या गलबतावर हिशेबनीस.
सन सतराशे अठरा, नोव्हेंबर, वादळ:
एकाच रात्री बोटही गेली
आणि बोटही गेलं.
डावी करंगळी. तेव्हापासून दर शनिवारी
ती हातमोज्याच्या आत दुमडून, टाके घालून.

पैशाचं तेवढं सोंग आणता येत नाही म्हणतात.
आमच्या पेटीत पितळी वॉशर आहेत,
वर एक थर सोनेरी कागदातल्या चॉकलेटचा.
पोरं वाकून बघतात, श्वास रोखतात.
वठतं.

चष्मा काढावा लागतो, कुंडलीत तो नाही.
त्यामुळे राजाचं आरमार मला
नुसता एक निळा डाग दिसतं.
त्या डागावर मी तलवार उपसून, घसा फाडून धावते.
डागाच्या मधोमध लेफ्टनंट पास्को,
सोमवार ते शुक्रवार बँकेत लोकांची कर्जं नाकारतो,
शनिवारी फाशी सुनावतो.
आवाज तोच ठेवतो, म्हणतो, सोपं पडतं.

भरती चारला. म्हणून मरायचं तीन वीसला,
जरा कोरडी वाळू बघून.
मेरिन मागल्या खेपेला घाईनं मेली,
पाणी कानापर्यंत आलं, हलली नाही.
तेवढ्यात एक सीगल उतरला
आणि प्रेताच्या मुठीतली पेस्टी घेऊन गेला.
अख्ख्या किनाऱ्यावर तेवढीच खरी लूट.
प्रेत शिव्या देत उठलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग पिवळ्या बुटांतली एक चिमुरडी आली,
माझ्या हातमोज्याकडे बघत राहिली.
दुखलं का?
उत्तर पाठ होतं: दोराचा फास, कुऱ्हाड, रम.
पण मी म्हटलं, तेव्हा नाही गं.
तेव्हा मोजत होते कोण कोण वर आलंय ते.
नंतर, थंडी पडल्यावर, कळलं.
ती मान हलवून आइस्क्रीमकडे गेली.
मी तिथंच उभी. हे कुठं लिहिलं होतं मी?
घरी येऊन वही चाळली. नव्हतं.

सोमवारी टाके उसवलेले, करंगळी मोकळी,
तरी कीबोर्डवर उतरेना.
तिच्या वाट्याचं अक्षर नेमकं पहिलंच, ए.
उद्याची यादी टाइप केली
तर पडद्यावर पास्कोचा प्स्को.
तर्जनी पाठवून दुरुस्त केलं.

मंगळवारी सव्वादहाला
लेफ्टनंट दार ढकलून आत आला,
गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी.
बसा, म्हटलं. पाणी दिलं.
ग्लास घेताना तो थबकला, माझी बोटं बघितली,
पाचही,
आणि सुजल्या तोंडानं, अगदी हळू, विचारलं:
आता कसं आहे?