चौथी तार

मॅव्हिस प्रुएटने पेटी टेबलावर टेकवली.
"वडिलांचं आहे. चौथी तार घरी येत नाही."
नेमकं बोलली. एरवी गिऱ्हाईक म्हणतं,
काहीतरी बिघडलंय, बघा.

लेव्हलँडला ऑक्टोबरात कापूस उडतो.
दाराच्या फटीतून शिरतो, वंगण दिसलं की बसतो.
त्याला शिव्या घालत मी वाद्य उलटं केलं.

उलटं पेडल स्टील म्हणजे
सुतार आणि सायकलवाला यांनी संगनमताने केलेला गुन्हा.
सळ्या, तरफा, स्प्रिंगा, नायलॉनच्या टोप्या,
मेपलवर पेन्सिलीने लिहिलेलं अडुसष्ट साल,
आणि एका कोपऱ्यात चिकटवलेलं च्युइंगम.
ते मी तसंच राहू दिलं.

डाव्या गुडघ्याने तरफ रेटली की तार अर्धा स्वर चढते.
सोडली की उतरावी, निघाली होती तिथवर.
ही उतरते जरा जास्तच,
अंधारात जिना संपला तरी
पाय आणखी एक पायरी शोधतो तशी.
सुई चार सेंट खाली.
चार सेंट कुणाला ऐकू येत नाहीत,
नुसती चाल आंबल्यासारखी लागते.

पहिला संशय मागच्या बोटांवर.
तिथलं तेल मधासारखं घट्ट झालेलं,
लायटरच्या पेट्रोलने धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं.
दुकान पेटण्याजोगं झालं, तार होती तिथेच.
मग स्प्रिंग. निर्दोष सुटली.
तिसऱ्या रात्री बायकोने फोनवर विचारलं,
"येतोस, की ताट तारेपुढे मांडू?"

सापडलं ते खुंट्यांच्या बाजूला,
जिथे तार मसुराएवढ्या चाकावरून वळते.
दहा चाकं. नऊ फिरतात.
चौथं पन्नास वर्षांचा घाम, धूळ, कापूस खाऊन
मुकाट बसलेलं.
टाचणीच्या टोकावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब.
बस्स.
तार गेली आणि आली.
गेली, आली.

मग सूर लावले. मीटर म्हणालं शून्य,
कान म्हणाला थाप.
तिसरा स्वर थोडा पाडला, आणखी थोडा,
तेव्हा कुठे स्वरांची आपसातली कुरकुर थांबली.
पेडल दाबलं की लाकूडच केसभर वाकतं,
त्याला इलाज नाही.
त्याच्यासारखे मीही वाकलोय.

शनिवारी मॅव्हिस आली. "वाजवून दाखवा."
एक संथ वॉल्ट्झ घेतला.
ती हातांकडे बघतच नव्हती.
वाकून टेबलाखाली बघत होती, माझ्या पायांकडे.

"उजवा गुडघा," म्हणाली.
"प्रत्येक ओळ संपली की बाबांचा उजवा गुडघा
असा झटकन उडायचा.
आम्हाला वाटायचं, रंगात आलेत.
चर्चमधली पोरं नक्कल करायची. मी पण."

हात तारांवरच राहिले माझे.
उजवी तरफ तीच तार खाली ओढते.
क्षणभर ओढून सोडली,
तर अडकलेली तार वर सरकते, बरोबर चार सेंट.
डॉइल प्रुएटला हे कुणी सांगितलं नसणार.
पन्नास वर्षं, ओळीमागून ओळ,
तो तिला गुडघ्याने घरी आणत होता.

मी सांगितलं तिला. सांगायला नको होतं की काय, कोण जाणे.
बराच वेळ ती त्या चाकाकडे बघत राहिली.
"तेल काढता येतं?"

"येतं. पण कशाला?
कापूस काही उडायचा थांबणार नाही."

चाळीस ठरले होते, तीस घेतले.
पेटीची कडी दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली.
पिकअपमध्ये ती बराच वेळ बसून होती,
इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर.
गुडघे काही इथून दिसत नव्हते.