नऊ सेकंद

दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं
की सराफ बाजार आपणहून शटर ओढतो,
वह्या माडीवर चढतात, गल्ले पिशव्यांत,
आणि त्याला कोणी संकट म्हणत नाही.
माझं कामही एवढंच:
पाणी यायच्या आधी माडी शोधून ठेवणं.

शनिवारी रात्री दोनला मुंबई नाक्याचा मुख्य सर्व्हर
मी माझ्याच हाताने बंद केला.
दुरुस्ती होती, तारीख महिनाभर आधी ठरलेली.
अंबडचा जोडीदार जागाच होता,
त्याने ओझं असं अलगद घेतलं
की रक्तपेढीच्या खिडकीत सुदाम गांगुर्डेचा कर्सर
एकदाही अडखळला नाही.
मी थर्मासचं झाकण उघडलं.

दोन सतराला अंबडचा फीडर गेला.
यूपीएस थोडा वेळ किंचाळला.
जनरेटरमध्ये डिझेल होतं,
बॅटरी मेलेली.
तपासणीच्या कागदावर तिच्यापुढे बरोबरची खूण,
माझ्याच पेनाची.

एक उघडून ठेवलेला, एक विझलेला.
उरला ओझरचा तिसरा,
ज्याच्या बिलावरून बैठकीत दोनदा कुरकूर झाली,
जो कायम जरा मागून चालतो,
जत्रेत मोठ्यांचा सदरा धरून चालावं तसा.
त्याला पुढे केलं.
विचारलं, कुठवर आलायस?
नऊ सेकंद मागे.

नऊ सेकंदांत काय जातं?
एक जांभई. चपला शोधणं.
फोनवर गांगुर्डे म्हणाला, मॅडम, एक पिशवी गेलीय,
ओ निगेटिव्ह, बाळंतिणीला. वॉर्डबॉय पळतच गेला.
माझ्या पडद्यावर ती पिशवी अजून फ्रीजमध्ये होती,
चार अंशांवर, निवांत,
कोणाचीच नसलेली.

"वहीत आहे ना," तो म्हणाला.
कुठली वही?
संगणक आला तेव्हा आम्हीच बंद केलेली.
लाल कापडी पाठीची, दरवर्षी तो
स्वतःच्या पैशाने आणत राहिला,
आणि कोणाला बोलला नाही.
त्याने नंबर वाचला, एकेक अंक सुटा करून,
लहान मुलाला वाचून दाखवावा तसा.
मी टाइप केला. परत वाचायला लावला.

सोमवारी अहवाल.
खंड: अकरा मिनिटं.
हरवलेल्या नोंदी: शून्य.
प्रतींची संख्या: तीन लिहिलं,
खोडलं, चार केलं.
मग बॅटरीचा रकाना आला.
तिथे मात्र बराच वेळ
पेन नुसतं धरून बसले.