खालचा खण

कुंदाचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, त्या आठवड्यात
मी आमच्या कपाटाचा खालचा खण
अकरा वर्षांत पहिल्यांदा उघडायला गेलो.
उघडला नाही.

चार खणांचं ठेंगणं कपाट, एलियम्मा सिस्टरचं.
त्या तिरुवल्लाला कायमच्या परतल्या तेव्हा
पंचवीस दिनारला घेतलेलं,
मुहर्रकच्या या अरुंद जिन्यातून
आडवं-तिडवं करत वर आणलेलं.
वरचे तीन खण शहाणे.
चौथा ऑगस्ट लागला की फुगून बसतो,
मानपान चुकलेल्या जावयासारखा.

"उजवी मूठ आधी," ती पलंगावरून म्हणाली.
"आता जरा वर उचला.
डावा पाय खालच्या पट्टीला लावा.
आणि श्वास सोडताना ओढा."

मी ओढला. कानशिलं तापली.
चार बोटं आला आणि अडला.
फटीतून दिसला पासपोर्टचा निळा कोपरा.
लग्नाचा दाखला, सीपीआर कार्ड, रात्रपाळीचे जाड मोजे,
या घरात मी मागितलेलं सगळं
माझ्या हातातच आलं होतं.
कुठून येतं, हे विचारायची वेळ आली नव्हती.

तळमजल्यावरचे तुंगेकर सुतार.
मूळचे दाभोळचे, हयात गेली इथं होड्यांच्या फळ्या जुळवण्यात.
चहा अर्धा ठेवून वर आले.
"तेल नको हां घालू. लाकूड तेल पितं नि माजतं.
खण पुरता बाहेर काढ. एसी लावून दोन दिवस सुकू दे.
मग बघ, कुठं चकाकतंय.
लाकूड जिथं चकाकतं, तिथंच त्याला घासतं."

दोन दिवस तो खण भिंतीला टेकून उभा होता,
शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.
तिसऱ्या दिवशी ट्यूबलाइटखाली आडवा धरला.
खालच्या उजव्या कडेला एक वीतभर पट्टा,
जुन्या नाण्यासारखा गुळगुळीत.
तेवढाच घासायचा. काचपेपर रेषेबरोबर,
घाई न करता, मधूनमधून फुंकर मारून.

डाव्या बाजूला मात्र काहीतरी पांढरं, वाळलेलं.
नखानं खरवडलं, नाकाशी नेलं.
चंदन. आमच्याच न्हाणीतला साबण.

"साबण कुणी फासलाय रे?" तुंगेकर म्हणाले.
"दमट हवेतलं पाणी ओढून घेतो तो. वर बाजूही चुकलीय."
"आधीच्या लोकांनी फासला असेल," मी म्हणालो.
कुंदा छताकडे बघत राहिली.

मी भट्टीशी उभा असताना कुठल्या रात्री
ती अशी जमिनीवर बसली असेल,
वडी हातात घेऊन,
कुणाला न विचारता?

ओल्या फडक्यानं साबण पुसला.
वाळल्यावर मेणबत्तीचं थोटूक घेतलं,
दोन्ही कडांवर, आतल्या पट्ट्यांवर फिरवलं,
आधी कुरकुर, मग नुसतं सरकणं.
मुठी सैल होत्या, त्यांचे स्क्रू आवळले.
खण आत ढकलला. एका बोटानं बाहेर आला.
एका बोटानं आत. पुन्हा बाहेर.
तुंगेकर म्हणाले, "पुरे, आता खेळणं झालंय तुझं."

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं.
मी पाळी संपवून झोपलेलो.
धडाम आवाज झाला, उठून धावलो.

कुंदा जमिनीवर, अख्खा खण मांडीत.
डावा पाय अजून पट्टीला लावलेला.
भोवती पासपोर्ट, मोजे, बटणांची डबी फुटून बटणं.
मागे एक अडणी ठोक, असं तुंगेकरांनी सांगितलं होतं.
राहूनच गेली होती.

"लागलं का?"
ती आधी हसली. मग हसायची थांबली.
"सांगायचं तरी," म्हणाली.
"काय?"
"हलका झालाय म्हणून."

मी खाली बसलो आणि एकेक वस्तू उचलून
तिला विचारू लागलो,
ही कुठं ठेवायची.